मिरगापूर्वीचे खत: आधी चुना, मग शेणखत, युरिया सर्वांत शेवटी

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळत असल्याने आपल्या जांभ्या जमिनीतील चुना, मॅग्नेशियम व पालाश (पोटॅश) दरवर्षी धुऊन जाते आणि जमीन आंबट होत राहते. अशा जमिनीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात. खताचे पोते रिकामे झाले तरी पीक उपाशीच राहते. त्यामुळे खत किती घालावे यापेक्षा ते केव्हा आणि कोणत्या क्रमाने घालावे, याचा विचार मे महिन्यातच करावा.

माती परीक्षणात सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितकी जमीन आंबट) साडेपाचाच्या खाली आला असेल, तर माडाच्या आळ्यात झाडामागे एक किलो चुना किंवा डोलोमाइट पसरून मातीत मिसळावे. भातशेतीत पाणी साचून राहिले की आंबटपणा काही प्रमाणात आपोआप उतरतो. म्हणून चुना थोडाच हाती असेल तर तो माडांना आणि मरडावरच्या, म्हणजे पाणी न साचणाऱ्या उंच जमिनीवरच्या, भाजीला आधी द्यावा, असे माझे मत आहे. चुना आणि युरिया किंवा शेणखत एकाच दिवशी देऊ नये, कारण त्यांचा संयोग होताच नत्र (नायट्रोजन) अमोनिया वायू होऊन उडून जाते. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत.

शेणखताची पारख हातानेच करावी. उकिरड्यात कोपरापर्यंत हात घातल्यावर आत ऊब लागली, शेणाचा दर्प आला किंवा गवताच्या काड्या ओळखू आल्या, तर ते खत अजून कच्चे आहे. कच्च्या खताने तण व वाळवी वाढते आणि ते शेतात कुजताना जमिनीतील नत्र खाऊन टाकते. आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. खत खणताना अंगठ्याएवढ्या जाडीच्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतात. त्यांतल्या पुष्कळशा माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या असतात. त्या वेचून नष्ट न करता खत आळ्यात ओतणे म्हणजे शत्रूला आपल्याच हातांनी माडाजवळ नेऊन सोडणे होय. खताच्या खड्ड्यात मेटारायझियम ही बुरशी मिसळल्यासही या अळ्या आटोक्यात येतात.

फळत्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश द्यावे, अशी शिफारस आहे. म्हणजे साधारण १.१ किलो युरिया, २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. यातील एक तृतीयांश भाग पहिल्या पावसाने माती ओली झाल्यावर, बुंध्यापासून पावणेदोन मीटरपर्यंतच्या आळ्यात ५० किलो शेणखत किंवा हिरवळीच्या पाल्यासह द्यावा आणि उरलेला दोन तृतीयांश पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्यावा. जुलैच्या मुसळधार पावसात घातलेले खत ओहोळातच जाते. आंबट जमिनीत सुपर फॉस्फेटऐवजी रॉक फॉस्फेट चालते आणि ते स्वस्तही पडते. मात्र ते विरघळण्यास आंबटपणाच लागतो, म्हणून चुना घातलेल्या आळ्यात ते वापरू नये.

भातासाठी बांधावरच्या गिरीपुष्पाच्या कोवळ्या फांद्या छाटून लावणीपूर्वी आठ-पंधरा दिवस चिखलात तुडवाव्यात. नत्राचा अर्धा हप्ता लावणीच्या वेळी, पाव हप्ता फुटव्यांच्या वेळी आणि उरलेला पाव हप्ता लोंबी धरू लागताना द्यावा. युरिया टाकण्यापूर्वी शेतातील पाणी कमी करावे आणि पुढचे दोन दिवस ते बाहेर सोडू नये.

खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतील, शेतकऱ्यांनी मात्र घाई करू नये. तेथील पहिल्या पावसाचे काम मातीतले मीठ धुण्याचे असते, आणि मानस (बांधातील पाण्याचे दार) उघडून ते पाणी नदीत सोडले जात असताना घातलेले खतही त्याच वाटेने जाते. मीठ उतरले, रोप उभे राहिले आणि पाणी बांधात अडवले गेले की मगच पहिला हप्ता द्यावा.