मोठ्या विद्यापीठातली नोकरी: होकार देण्याआधी काय तपासावं

मोठं नाव ऐकून लगेच होकार कळवू नका. नाव विद्यापीठाचं असतं, रोजची गाठ पडते ती विभागाशी. एकाच आवारात एक विभाग सुरळीत चाललेला असतो आणि शेजारच्या विभागात दोन गटांचं बोलणं बंद असतं. गेल्या पाच वर्षांत तिथून किती जण गेले आणि का गेले, हे शक्यतो सोडून गेलेल्यांनाच विचारा.

फायदे आहेतच. महागडी जर्नल्स वाचायला मिळतात, नसलेलं पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं, दुसऱ्या विषयातला जाणकार पलीकडच्या इमारतीत भेटतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसारखं यंत्र छोट्या कॉलेजला परवडत नाही, इथे ते असू शकतं. पण यादीत यंत्राचं नाव दिसलं म्हणून भुलू नका. ते चालवणारा ऑपरेटर कायमचा आहे का, तासाचा दर किती, नंबर किती दिवसांनी लागतो, देखभालीचा करार चालू आहे का, हे विचारा. ऑपरेटरची जागा रिकामी असली की यंत्र कव्हराखाली पडून राहतं.

शिकवण्याच्या बाबतीत बरेच जण नुसते तास विचारतात. आठवड्याला सहा तास हा आकडा ऐकायला हलका वाटतो. वर्गात 240 विद्यार्थी असले आणि एका उत्तरपत्रिकेला 10 मिनिटं लागली, तर एका परीक्षेची तपासणी 40 तासांची होते. त्यामुळे वर्ग केवढा, मदतनीस किती, पेपर कोण तपासतं, हे तासांच्या आकड्याबरोबरच विचारून घ्या. समित्यांचं काम वेगळंच. नव्या माणसाच्या गळ्यात ते हमखास पडतं.

खरा वैताग कागदांचा. साधी खरेदी असली तरी मागणीपत्र विभागप्रमुख, खरेदी विभाग आणि वित्त विभाग असं फिरतं. फाइल परत येण्याची कारणं बहुधा ठरलेली: लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्याखाली दाखवायचा ते) चुकलेलं, कोटेशनची मुदत संपलेली, किंवा वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून घेतलेल्या तीन कोटेशनांतले तपशील एकमेकांशी न जुळणारे. पाठवण्याआधी या तिन्ही गोष्टी स्वतः पाहा, फाइलचा आवक क्रमांक टिपून ठेवा आणि ती कोणाच्या टेबलावर आहे ते आठवड्याने विचारा. विभागातल्या जुन्या क्लार्कशी चांगले संबंध ठेवा. नियमपुस्तिकेत न सापडणारी वाट त्यांना ठाऊक असते. आर्थिक वर्ष संपताना न वापरलेला निधी अनेकदा परत जातो, म्हणून मोठी खरेदी वर्षाच्या सुरुवातीलाच लावा. माणसांवरचं संशोधन असेल तर नैतिकता समितीच्या मंजुरीसाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

प्रयोगशाळेची जागा, सुरुवातीचा निधी, पहिल्या वर्षी कमी तास, जे काही ठरेल ते नेमणूकपत्रात लिहून घ्या. विभागप्रमुख बदलले की तोंडी शब्दाला कोणी विचारत नाही. पेटंटवर हक्क कोणाचा, बाहेरचं सल्लागाराचं काम चालतं का, ही कलमं सहीआधी वाचा. पद प्रकल्पाच्या पैशांवरचं असेल तर प्रकल्प संपल्यावर बहुधा तेही संपतं. मुदतीची तारीख स्पष्ट मागा.

शिक्षकेतर पदांचं गणित थोडं वेगळं. दुसऱ्या विभागात बदली मागायला वाव असतो, पण बढतीच्या जागा मोजक्याच. सेवाज्येष्ठता यादी मागून आपला नंबर कुठे लागेल ते पाहा.

नोकरी सोडताना विद्यापीठाचा ईमेल आणि जर्नल्सचा प्रवेश बंद होतो, बऱ्याचदा पूर्वसूचनेशिवाय. स्वतःचा पत्रव्यवहार आणि नेण्याची परवानगी असलेल्या फाइल्स शेवटच्या आठवड्याआधीच काढून घ्या.