जाहिरात लागली की बाळ उठायचं

खानापूरला आमच्या घरी आई रात्री मालिका बघते. संवाद नीट ऐकू येईनात म्हणून आवाज २२ वर न्यायची, आणि जाहिरात लागली की मांडणीवरची ताटली थरथरायची. पाळण्यातलं बाळ दचकून उठायचं. मला वाटलं, टीव्हीच बिघडला.

बिघाड नव्हता. जाहिरातीचा कमाल आवाज बहुधा मालिकेएवढाच असतो, पण कॉम्प्रेशन करून त्यातले हळू आवाजही वर उचललेले असतात. मधे उसंतच नाही, म्हणून कानाला मोठं लागतं. अमेरिकेत यावर २०१० मध्ये कायदाच झाला, आणि योग्यच झालं.

सेटिंगमध्ये साउंडखाली 'ऑटो व्हॉल्यूम', म्हणजे आवाज आपोआप एकसारखा ठेवणारी सोय, बंद होतं, ते चालू केलं. साउंड मोडही संवाद ठळक करणारा लावला. आता आई १४ वर बघते.