'रन' म्हणजे नुसतं धावणं नव्हे : या चुका टाळा

गोव्यात सरकारी मराठी शाळेतून चौथी पास झालेलं मूल पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसतं. तोवर त्याच्या वहीत 'रन'समोर एकच अर्थ लिहिलेला असतो, धावणे. क्रिकेटमुळे आणखी एक मिळतो, धाव. एवढ्या शिदोरीवर बारावी पार पडते आणि मग हॉटेलच्या रिसेप्शनवर किंवा फार्मसीच्या काउंटरवर पहिल्याच दिवशी अडतं. मुलं हुशार असतात. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे सुधारित नोंदीत 'रन'ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ भरले. ते पाठ करायची गरज कुणालाच नाही. रोजच्या वापरातले दहा-बारा पुरेत, आणि त्यातले बरेचसे मराठीतल्या 'चालणे'पाशी येऊन थांबतात. म्हणून 'रन' दिसला की आधी 'चालणे' लावून बघा, मग 'वाहणे' आणि 'जाणे'. 'धावणे' सगळ्यांत शेवटी.

फेरी धावत नाही, चालते

रायबंदरच्या धक्क्यावर कुणी पाहुणा "इज द फेरी रनिंग?" असं विचारतो, तेव्हा बोट या घडीला नदीत आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आज फेरी चालू आहे का, एवढंच त्याला हवं असतं. वेळापत्रक सांगताना मात्र 'रनिंग' नको. "द फेरी इज रनिंग एव्हरी हाफ अवर" हे आपल्या 'चालू आहे'वरून आलेलं वाक्य. नेहमीची गोष्ट सांगताना "द फेरी रन्स एव्हरी हाफ अवर" म्हणावं. मोरजीला शॅक चालवणारी बाई "रन्स अ शॅक", आणि मांडवीच्या कडेने जाणारा रस्ता "रन्स अलाँग द रिव्हर".

उलट दिशेने जाताना मात्र सांभाळा. प्रत्येक 'चालणे' म्हणजे 'रन' नव्हे. "त्याला पंचेचाळिसावं चालू आहे" याचं "ही इज रनिंग फॉर्टी-फाइव्ह" आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. बाहेरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. "ही इज फॉर्टी-फोर" म्हणा, झालं. आणि "चालेल"साठी "दॅट्स फाइन".

इसवण (सुरमई, इंग्रजीत किंगफिश) संपली, हे कसं सांगाल?

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. कारणही उघड आहे, 'रन आउट' म्हटलं की डोळ्यांसमोर यष्ट्या येतात. "किंगफिश इज रन आउट" हे चूक, "किंगफिश हॅज रन आउट ऑफ" हेही चूक. वाक्य कुणापासून सुरू करताय, ते आधी ठरवा. माशापासून सुरू केलंत तर 'ऑफ' नको : "द किंगफिश हॅज रन आउट." आपल्यापासून सुरू केलंत तर 'ऑफ' हवाच : "वी हॅव रन आउट ऑफ किंगफिश." आणि 'हॅव', 'हॅज'नंतर 'रॅन' कधीच नाही, 'हॅव रॅन' ही चूक शिकलेल्यांच्या तोंडीही असते. मासा संपत आला असेल, अजून थोडा उरला असेल, तर "वी आर रनिंग लो ऑन किंगफिश". वेटरने हे वेळेत सांगितलं तर गिऱ्हाईक बांगड्यावर समाधान मानतं. ऑर्डर घेऊन अर्ध्या तासाने सांगितलं, तर ते उठून जातं.

फार्मसीतला 'रन्स'

किनारपट्टीवर फार्मसीत काम करणाऱ्यांनी हा अर्थ आजच लक्षात ठेवावा. परदेशी गिऱ्हाईक ओशाळल्या आवाजात म्हणतं, "आय हॅव द रन्स." म्हणजे त्याला जुलाब होताहेत. आधी 'द' आणि शेवटी 'स', ही याची खूण. इथे "व्हॉट रन्स?" असं मोठ्याने विचारू नका, माणूस आधीच लाजलेला असतो. शांतपणे ओआरएसची पाकिटं काढा, ती किती पाण्यात मिसळायची ते सांगा. कधीपासून होतंय ते विचारा, आणि "आर यू रनिंग अ टेम्परेचर?" हेही, म्हणजे अंगात ताप आहे का. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर काउंटरवरून गोळी देऊन पाठवू नका, डॉक्टरकडे पाठवा. 'रनी नोज' तेवढं सोपं : नाक वाहतंय.

'इंटू' आणि 'ओव्हर'

मित्र अचानक भेटला की "आय रॅन इंटू अ फ्रेंड". मीटिंग ठरल्या वेळेपेक्षा लांबली की "इट रॅन ओव्हर". इथवर चुकलं तरी कुणाचं नुकसान होत नाही. टॅक्सीवाल्यांनी मात्र अपघातानंतर विम्याचा फॉर्म भरताना हे दोन शब्द तोलून लिहावेत. "आय रॅन इंटू अ स्कूटर" म्हणजे माझी गाडी स्कूटरवर आदळली. "आय रॅन ओव्हर अ मॅन" म्हणजे माझी गाडी माणसाच्या अंगावरून गेली. स्कूटर मागून येऊन तुमच्या उभ्या गाडीवर आदळली असेल, तर वाक्याची सुरुवात स्कूटरपासूनच करा : "द स्कूटर रॅन इंटू माय पार्क्ड कार." 'आय'ने सुरुवात केलीत, तर धडक तुम्हीच दिली असं कागदावर येईल. इंग्रजीवर भरवसा नसेल, तर कोण कुणावर आदळलं ते आधी मराठीत लिहून काढा आणि जाणकाराकडून फॉर्म भरून घ्या, सही त्यानंतर.