तपासणी क्लासमध्ये, सेव्ह आधी दुसऱ्या फाइलमध्ये

पायथन शिकताना विद्यार्थ्यांची नावं आणि गुण घेणारा प्रोग्रॅम बहुतेक जण लिहितात. त्यात गुणांची तपासणी इनपुटच्या ओळीजवळ न ठेवता क्लासच्या (म्हणजे विद्यार्थ्याची नोंद ज्यावरून बनते त्या साच्याच्या) इनिट मेथडमध्ये ठेवा; प्रत्येक नवी नोंद बनताना ती आपोआप चालते. म्हणजे आकडा कीबोर्डवरून येवो की जुन्या फाइलमधून, चाळणी एकच राहते. फाइलमधला डेटा आपणच लिहिलेला असला तरी तो कुणी हाताने बदललेला असू शकतो.

मजकुरात फक्त अंक आहेत का हे सांगणाऱ्या इझडिजिटवर आकडा ओळखायला विसंबू नका. संख्येच्या डोक्यावर लिहितात तो वर्गाचा छोटा २ (²) त्याला चालतो, पण मजकुराचा पूर्णांक करणारं इंट त्यावर व्हॅल्यूएरर ही चूक देतं. सरळ ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे चूक आली तर ती पकडणाऱ्या रचनेत, रूपांतर करून पाहावं. दशांश संख्येसाठी फ्लोट वापरत असाल तर आणखी सावध राहा: कुणी ‘नॅन’ची (nan, म्हणजे ‘संख्या नाही’) तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली तर फ्लोट ती मुकाट्याने स्वीकारतं, आणि ‘० पेक्षा कमी किंवा १०० पेक्षा जास्त असेल तर नाकारा’ ही अट त्याला अडवत नाही. अट उलटी लिहा: ० ते १०० मध्ये असेल तरच स्वीकारा.

आता सेव्ह. फाइल राइट मोडमध्ये उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो. यादी जेसन या मजकुराच्या स्वरूपात साठवत असाल, तर जेसनला तुमचे ऑब्जेक्ट (क्लासपासून बनलेल्या नोंदी) थेट लिहिता येत नाहीत, आधी त्यांच्या डिक्शनरी (नाव-किंमत जोड्या) कराव्या लागतात. ते राहिलं तर एरर येते आणि जुनी यादीही जाते. म्हणून आधी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये सगळं लिहा, ती बंद करा, मग ओएस मॉड्यूलमधल्या रिप्लेसने मूळ फाइलच्या जागी आणा. मराठी नावांसाठी फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा.