फिरणारा थर्मल कॅमेरा बनवताय? मग या चुका टाळा

चारी बाजूंना फिरून राखण करणारा, उष्णतेवरून चित्र काढणारा आमचा पहिला थर्मल कॅमेरा गच्चीवर लावला, तेव्हा समोरच्या प्लॉटच्या टोकाला वॉचमन फेऱ्या मारत होता. कॅमेरा थांबलेला असताना माणूस एकदम झकास दिसायचा, हातातली काठीसुद्धा कळायची. मोटर सुरू केली की माणूस गायब! दोन दिवस आम्ही पॉवर सप्लायवर संशय घेत बसलो, केबल बदलली, अर्थिंग बदललं, मोटरचा ड्रायव्हर बदलला, काही फरक नाही. दोष वायरिंगमध्ये नव्हताच, आमच्या हिशोबात होता.

ही सगळ्यात मोठी चूक आणि जवळपास सगळेच करतात, म्हणून हिच्यावरच जास्त बोलतो. चांगला थर्मल कॅमेरा घ्यायचा, चांगली मोटर घ्यायची, एकावर एक बसवायचं, झालं, असं वाटतं. पण कूलिंग नसलेल्या थर्मल कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे मायक्रोबोलोमीटर, आणि त्याचा एकेक पिक्सेल हा एक इवलासा तवा असतो. उष्णता पडली की तापतो, गेली की निवतो, आणि या तापण्या-निवण्याचा मोठा भाग व्हायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. साध्या कॅमेऱ्यात आपण शटर स्पीड वाढवून मोकळे होतो, इथे ती सोयच नाही, तवा त्याच्या वेळेनेच निवणार.

आता आकडे बघा. सेन्सर ६४० बाय ५१२ चा, पिक्सेल १२ मायक्रॉनचा, लेन्स २५ मिमीची. आडवी नजर साधारण साडेसतरा अंश आणि एका पिक्सेलच्या वाट्याला ०.०२७ अंश. आम्ही ६ सेकंदात एक फेरी ठेवली होती, म्हणजे सेकंदाला ६० अंश. १० मिलिसेकंदात कॅमेरा ०.६ अंश सरकतो, म्हणजे तब्बल २२ पिक्सेल! ५०० मीटरवरचा माणूस रुंदीला जेमतेम २ पिक्सेल भरतो, त्याची तेवढीशी उष्णता २२ पिक्सेलवर फासली गेल्यावर काय डोंबल दिसणार. पुसटपणा एका पिक्सेलपुरताच ठेवायचा तर सेकंदाला पावणेतीन अंशाच्या वर जाता येत नाही, मग एका फेरीला दोन मिनिटांहून जास्त लागतात आणि तेवढ्यात चोर कुंपण ओलांडून घरी जाऊन जेवून घेईल.

उपाय असा की सलग फिरवायचंच नाही. १५ अंश फिरा, थांबा, हलणं शांत होऊ द्या, तवा पुरता निवायला पुढे निदान ५० मिलिसेकंद जाऊ द्या, मग फ्रेम घ्या, पुढे चला. २४ थांबे, प्रत्येकी अर्धा सेकंद धरला तर १२ सेकंदात फेरी पूर्ण. सलगच फिरवायचं असेल तर कूल्ड सेन्सर घ्या, ज्याचा एक्स्पोजर मिलिसेकंदाच्या घरात आणता येतो, किंवा फिरण्याच्या उलट दिशेला हलून चित्र जागेवर धरणारा आरसा बसवा. पण कूल्ड म्हणजे आत सेन्सरला उणे दोनशेच्या आसपास नेणारा छोटा कूलर आला, तो सुरू झाल्यावर काही मिनिटं थांबणं आलं, आणि काही हजार तासांनी तो झिजणारही. माझं मत विचाराल तर फॅक्टरीचं कुंपण, बंदर, सोलर पार्क अशा ठिकाणी थांबत फिरणारा कॅमेराच परवडतो.

अर्थात थांबत फिरण्याचीही किंमत आहे, दिवसाला १,७२,८०० वेळा मोटर सुटते आणि थांबते. त्यात जर्मेनियमची मोठी लेन्स, जी चांगलीच वजनदार असते, छोट्या पॅन-टिल्टवर, म्हणजे कॅमेरा आडवा-उभा फिरवणाऱ्या माउंटवर, टांगली की नाकापेक्षा मोती जड. गिअरमध्ये ढिलाई आली की संपलं, ०.२ अंशाची ढिलाई म्हणजे १ किलोमीटरवर साडेतीन मीटरचा फरक. एन्कोडर, म्हणजे कोन मोजणारा सेन्सर, मोटरच्या शाफ्टवर लावू नका, गिअरनंतर जो शाफ्ट फिरतो त्यावर लावा, नाहीतर गिअरची ढिलाई त्याला दिसतच नाही आणि तो आपला सगळं छान चाललंय म्हणून सांगत राहतो.

पुढची चूक वाचून हसाल पण आम्ही केलीये. पावसापासून वाचवायला सीसीटीव्हीसारखा ॲक्रेलिकचा डोम बसवला. स्क्रीनवर सगळं राखाडी. बाहेरून डोमवर तळहात टेकवून काढला तर धूसर पांढरा डाग उमटला आणि हळूहळू विरला! म्हणजे कॅमेरा बाहेरचं काही बघतच नव्हता, डोमच बघत होता. हा कॅमेरा बघतो ती ८ ते १४ मायक्रॉनची किरणं ॲक्रेलिकमधून जात नाहीत, साध्या काचेतूनही नाही. खिडकी जर्मेनियमसारख्या, ही किरणं जाऊ देणाऱ्या पदार्थाची लागते, आणि तीही कोटिंगवाली, बिनकोटिंगच्या जर्मेनियममधून निम्म्याहून जास्त उष्णता परत फिरते. बाहेरच्या बाजूला डायमंडलाइक कार्बनचं, म्हणजे हिऱ्यासारखं कडक, कोटिंग घ्या, कोकणपट्टीत खारा वारा साधं कोटिंग फार काळ टिकू देत नाही.

खिडकी थोडी तिरकीच बसवा. सरळ बसवली तर सेन्सरला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि चित्राच्या मधोमध एक डाग राहतो. ओळखायचं कसं? फिरवा! २४ च्या २४ चित्रांत डाग त्याच जागी असेल तर दोष कॅमेऱ्यात किंवा खिडकीत, देखाव्याबरोबर सरकला तर तिथे खरंच काहीतरी आहे.

सगळ्या थांब्यांची चित्रं जोडून केलेल्या पॅनोरमात उभे पट्टे दिसतात, एक तुकडा उजळ तर शेजारचा काळा? ते ऑटो गेन आहे, म्हणजे कॅमेरा प्रत्येक चित्राचा उजळपणा आपला आपण ठरवतो. ज्या थांब्यात आभाळ जास्त येतं तिथे थंड आभाळामुळे बाकीचा उजळपणा बिघडतो. कॅमेऱ्यातून १४ बिटचा कच्चा डेटा घ्या आणि सगळ्या फेरीचा उजळपणा एकदाच ठरवा.

मधेच टक् आवाज येऊन चित्र गोठतं तो बिघाड नाहीये, आतलं शटर क्षणभर मिटून सेन्सरचे सगळे पिक्सेल एकसारखे करून घेतंय. ते ऑटोवर ठेवलं तर नेमकं गेटसमोरच्या थांब्यावर टक् करणार, म्हणून ऑटो बंद करून खांबाआड जो आंधळा थांबा असतो तिथे शटरची कमांड द्या. कायमचं बंद मात्र करू नका, उन्हं चढली की चित्रावर जाळी यायला लागते. सूर्याचंही तसंच, किनाऱ्यावर मावळतीला दर फेरीला तो समोर येतो, त्या वेळी तो थांबा गाळा आणि तेवढ्यापुरतं शटर मिटून पुढे जा.

व्हिडिओ तुटत असेल तर तुटताना कोन किती होता ते लॉग करा. दर वेळी तोच कोन असेल तर स्लिप रिंग (फिरत्या भागाला वीज आणि सिग्नल पोचवणारी कडी) किंवा चिमटलेली केबल, कुठेही तुटत असेल तर नेटवर्क स्विच आणि सप्लाय बघा.

उन्हाळ्यात दुपारी माणूस दिसत नाही म्हणून कुणी फोन केला तर लगेच कॅमेरा उघडायला धावू नका, तापलेला कातळ आणि माणूस एकाच तापमानाला आले की कुठल्याच थर्मल कॅमेऱ्याला फरक कळत नाही. उलट उगाच उघडलात तर आतला कोरडा नायट्रोजन जातो आणि पहिल्या पावसात खिडकीला आतून घाम.

खांबावर चढवण्याआधी आम्ही आता एक करतो. गच्चीवरून १०० मीटरवर कढत पाण्याची कळशी ठेवतो आणि कॅमेरा तासभर, म्हणजे ३०० फेऱ्या, फिरवतो. तिनशेव्या फेरीला कळशी पहिल्या फेरीच्याच पिक्सेलवर असेल तर ठीक, दोन-तीन पिक्सेल सरकली असेल तर गिअरबॉक्स परत टेबलावर.