चितमपल्ली सरांसारखी रानाची डायरी लिहायचीय? मग नागपुरातूनच सुरू करा

निसर्गावर लिहायचंय, सुरुवात कुठून करू, असं पोरं विचारतात तेव्हा मी एकच सांगतो, आधी डायरी, लेख नंतर. मारुती चितमपल्ली सर वनखात्यात होते, कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट असं सगळं पायाखालून घातलं, १९९० ला रिटायर झाले, मग कितीतरी वर्षं आपल्या नागपुरातच राहिले, आणि त्यांचं लिखाण उभं राहिलं ते रानातल्या नोंदींवर.

जागा एकच धरा. नागपुरातला अंबाझरी तलाव घ्या नाहीतर गोरेवाडा, पण दर आठवड्याला तीच वाट. ताडोबाला वर्षातून एकदा जाऊन काही होत नाही, खरंच सांगतो. तारीख, वेळ, ऊन-ढग-वारा आधी टाका, मग दिसलं ते. उन्हाळ्यात साडेपाचलाच निघा, आठनंतर आपल्याकडचं ऊन उभं राहू देत नाही.

आता मुख्य गोष्ट. नुसती यादी करू नका. मी पहिलं वर्षभर तेच केलं, "टिटवी, अंडी ४", झालं, आज वाचलं तर डोळ्यांसमोर काहीच येत नाही. मग एका मे महिन्यात तलावाच्या आटलेल्या काठावर लांब बाभळीखाली बसून राहिलो. टिटवी पाण्यात उतरली, पोट भिजवलं, तुरुतुरु येऊन अंड्यांवर बसली, थोड्या वेळानं उठली तर खालचे खडे ओले, काळे दिसत होते. उन्हात अंडी गार ठेवायला ती पोटाच्या पिसांतून पाणी आणते हो! हे अर्धा तास बसलो म्हणून दिसलं.

दुसरं म्हणजे नावं. ॲपवर इंग्रजी नाव शोधण्याआधी तिथल्या ढीवर (मासेमार) दादांना, गुराख्यांना विचारा की तुम्ही ह्याला काय म्हणता, आणि ते म्हणतील तस्संच लिहा, कोणी सांगितलं तेही लिहा. सरांनी आदिवासी, वाटाडे, मासेमार ह्यांच्याकडून असेच शब्द वेचले, म्हणून तर कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार म्हणायची सोय मराठीत झाली. जुनी माणसं गेली की हे शब्द कुठून आणणार आपण? नंतर घरी येऊन सरांच्या पक्षिकोशात ताडून बघा.

घरट्याचं लोकेशन कुठेच टाकायचं नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, विणीच्या दिवसात तो खाणंपिणं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो.

वही खिशात मावेल अशी घ्या आणि पेन्सिल घ्या, पेनाची शाई पावसात पसरते. ५ नोव्हेंबर सरांची जयंती, १२ ला पक्षितज्ज्ञ सलीम अलींची, ह्या दोन तारखांमधल्या पक्षी सप्ताहात पाहुणी बदकं तलावांवर यायला लागलेली असतात, पहिलं पान तेव्हाच लिहा.