घरून येणाऱ्या पैशांत महिना कसा भागवावा: शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्यांचे अंदाजपत्रक

पुण्यासारख्या शहरात शिकायला आलेल्या मुलामुलींना घरून पैसे महिन्यातून एकदाच मिळतात, पण ते खर्च मात्र रोज होतात. रोजचे माप आधी ठरवले नाही, तर वीस तारखेनंतर खोलीतल्या जोडीदाराकडे उसने मागण्याची वेळ येते.

पहिला महिना कोणताही खर्च न कापता फक्त लिहून काढावा. यूपीआयमध्ये सगळी नोंद आपोआप राहते, या भरवशावर बसू नये. तिथे टपरीचे नाव न येता पुष्कळदा खातेदाराचे नाव येते आणि ते २० रुपये चहाचे होते की झेरॉक्सचे, हे आठवडाभराने आठवत नाही. म्हणून रोज रात्री वहीत दोन ओळी लिहाव्यात.

त्यानंतर ठरलेले खर्च वजा करावेत. समजा, घरून ९,००० रुपये येतात. कॉट बेसिसचे, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते, भाडे ३,५०० आणि मेसचे ३,००० रुपये दिल्यावर २,५०० रुपये उरतात. कॉलेज पायी जाण्याच्या अंतरावर नसेल, तर बसच्या पासाचे पैसेही इथेच काढावेत.

खरी गफलत होते ती दर महिन्याला न येणाऱ्या खर्चांत. परीक्षेचा फॉर्म, जर्नल, दिवाळीला गावी जाण्याचे तिकीट आणि ८४ दिवसांचे रिचार्ज हे सगळे खर्च आधीपासून ठाऊक असतात, तरीही प्रत्येक वेळी ते अचानक आल्यासारखे वाटतात. पहिल्या वर्षी फॉर्म भरण्याच्या शेवटच्या तारखेला माझ्या खात्यात पुरेसे पैसे नव्हते आणि विलंब शुल्क भरावे लागले. तारीख तर महिनाभर आधीच फलकावर लागलेली होती. अशा खर्चांची वर्षाची बेरीज करून तिला १२ ने भागावे. फॉर्म, प्रवास आणि जर्नल मिळून वर्षाला ६,००० रुपये लागत असतील, तर महिन्याला ५०० बाजूला पडले पाहिजेत. ८४० रुपयांचे रिचार्ज म्हणजे दिवसाला १० आणि महिन्याला ३०० रुपये. आता १,७०० रुपये राहिले.

बचत शेवटी उरेल त्यातून करायची म्हटले, तर ती बहुधा होतच नाही. ती इथेच काढावी. पोस्टातली आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू करता येते, मात्र तिची मुदत ५ वर्षांची असते, त्यामुळे लवकर लागणारे पैसे तिच्यात गुंतवू नयेत. आपल्या उदाहरणात २०० रुपये बचतीला गेले, की १,५०० उरतात, म्हणजे दिवसाला ५० रुपये. एक चहा आणि एक वडापाव यांचे ३५ रुपये धरले, तर हातात १५ राहतात. हा आकडा डोळ्यांसमोर असला, की शनिवारच्या सिनेमाचा निर्णय आपोआप विचारपूर्वक होतो.

हे ५० रुपये रोज मोजत बसण्यापेक्षा आठवड्याचे ३५० धरणे सोयीचे. शक्य असल्यास दुसरे बचत खाते उघडून दर सोमवारी त्यात तेवढेच पैसे पाठवावेत आणि किरकोळ खर्च फक्त त्याच खात्यातून करावा. यूपीआय लाइट मला या कामासाठी पटत नाही; पिन टाकावा लागत नसल्याने पैसे फार सहज सुटतात.

मेसचा खाडा, म्हणजे न जेवलेले दिवस, वाया घालवू नये. सलग काही दिवस गावी जाणार असाल, तर तेवढ्या दिवसांचे जेवण पुढे धरले जाते का आणि किती दिवस आधी सांगावे लागते, हे पैसे भरतानाच विचारून घ्यावे. मित्रांबरोबर वाटून घेतलेल्या बिलांचा हिशेब त्याच रात्री मिटवावा. क्रेडिट कार्ड मिळाले असल्यास बिल पूर्ण भरावे, कारण नुसती किमान रक्कम भरल्यास उरलेल्या रकमेवर व्याज चढत जाते.

रविवारी रात्री दुसऱ्या खात्यात काय राहिले, ते पाहावे. ४० रुपये उरले असतील, तर ते तिथेच ठेवावेत. मधेच पहिल्या खात्यातून ६० रुपये घ्यावे लागले असतील, तर सोमवारी ३५० ऐवजी २९० पाठवावेत.